राजा सर टी. माधवराव : रिकाम्या तिजोरीचे दिवाण

श्रीमंत सयाजीराव महाराजांविषयी बडोद्याच्या मराठी माणसाला काही सांगायला जाणे म्हणजे काशीला गंगेचे पाणी नेणे. सक्तीचे शिक्षण, गावोगावची ग्रंथालये, कलाभवन, बँक ऑफ बडोदा ही यादी आपल्या घरातल्या मुलांनाही पाठ असते. पण १८७५ साली महाराज गादीवर आले तेव्हा ते अवघे बारा वर्षांचे होते, आणि प्रत्यक्ष कारभार त्यांच्या हाती आला तो १८८१ च्या डिसेंबरात. मधली साडेसहा वर्षे हे राज्य चालवले कोणी? त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मोडकळीला आलेले हे राज्य पुढे इतके मोठे काम करू शकेल अशा स्थितीला आणले कोणी?

उत्तर आपल्याला माहीत असते, पण ओझरते. राजा सर टी. माधवराव. अनेकांना वाटते की ते कोणी मद्रासी गृहस्थ असावेत. ते मद्रास इलाख्यातून आले हे खरे, पण घरची बोली मराठी होती आणि कूळ देशस्थांचे होते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्पिढ्या राहूनही मराठी राहिलेल्या आपल्यासारख्यांपैकीच ते एक होते. यंदाच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र द्यावे असे आम्हांला वाटले त्याचे हे एक कारण. दुसरे कारण त्यांच्या कामाच्या रीतीत आहे, ते पुढे ओघाने येईलच.

शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे तंजावरला गेले आणि त्यांच्यामागून कारकून, वैद्य, शास्त्री, हरदास अशी मराठी कुटुंबे कावेरीकाठी वसली. पावणेदोनशे वर्षांनी, १८५५ साली तंजावरचे शेवटचे राजे निपुत्रिक वारले आणि ती गादी संपली. तोवर या कुटुंबांनी आपली लेखणी दक्षिणेतल्या इतर दरबारांत नेली होती. माधवरावांचे वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव, दोघेही त्रावणकोर संस्थानाचे दिवाण झाले होते. माधवरावांचा जन्म कुंभकोणमचा, २० नोव्हेंबर १८२८ चा. मद्रासच्या हायस्कुलात पॉवेल या नामांकित शिक्षकांच्या हाताखाली ते शिकले. गणित आणि विज्ञान हे त्यांचे आवडीचे विषय. शिक्षण संपल्यावर काही काळ त्यांनी मद्रासला अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी केली. आकडे वाचायची सवय त्यांना इथे लागली असावी. १८४९ साली त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्यांना बोलावणे आले. पुढे ते तिथल्या महसूल खात्यात गेले, दक्षिण भागाचे दिवाण पेशकार झाले आणि १८५८ साली, वयाची तिशी पुरी व्हायच्या आत, दिवाण झाले.

त्या वेळचे त्रावणकोर म्हणजे दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरचे राज्य. कंपनी सरकारची खंडणी थकलेली, नोकरांचे पगार थकलेले, कर्ज वाढलेले. १८५५ साली मद्रासच्या गव्हर्नरांनी महाराजांना स्पष्ट ताकीद दिली होती की कारभार सुधारा, नाहीतर संस्थान खालसा होईल. झाशी, नागपूर, सातारा, तंजावर यांचे काय झाले ते सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होते.

अशा वेळी सर्वसाधारण दिवाण दोन गोष्टी करतो. नवे कर बसवतो किंवा नवे कर्ज काढतो. माधवरावांनी जुने कर काढायला सुरुवात केली. त्रावणकोरात मिरी आणि तंबाखू या दोन्हींवर सरकारी मक्ता होता. मिरी पिकवणाऱ्याने ती सरकारलाच, सरकारने ठरवलेल्या भावाने विकायची. तंबाखू जाफना, कोइमतूर अशा बाहेरच्या मुलखांतून यायची आणि सरकार ती चढ्या भावाने लोकांना विकायचे. यातून सरकारला पैसा मिळायचा, पण त्याबरोबरच चोरटा व्यापार, त्याच्या पाठलागावर असलेले शिपाई, खबरे, लाच आणि झडत्या हेही सगळे यायचे. मक्ता वाईट आहे हे कळायला मोठी अक्कल लागत नव्हती. पण तिजोरी रिकामी असताना उत्पन्नाचा मोठा झरा बंद कसा करायचा, हा प्रश्न होता.

माधवरावांनी तो क्रमाने सोडवला. १८६० साली मिरीचा मक्ता उठवला आणि त्याच्या जागी निर्यातीवर जकात बसवली. शेतकरी मोकळा झाला, मिरीची लागवड वाढू लागली. तंबाखूचे उत्पन्न त्याहून मोठे होते, म्हणून तिथे घाई केली नाही. आधी सरकारी विक्रीचा भाव उतरवला, नंतर मक्ता उठवून आयात जकात लावली आणि मग ती जकातही पायरीपायरीने कमी केली. प्रत्येक पायरीला उत्पन्न थोडे घसरायचे आणि व्यापार वाढला की पुन्हा सावरायचे. ते सावरले की पुढची पायरी. मधेच १८६०-६१ चा दुष्काळ येऊन गेला, तरी क्रम मोडला नाही. याच काळात कितीतरी किरकोळ पट्ट्या, ज्यांतून उत्पन्न थोडे आणि जाच फार, त्या रद्द झाल्या. १८६५ साली ब्रिटिश हिंदुस्थान, कोचीन आणि त्रावणकोर यांच्यात करार होऊन सरहद्दीवरची बहुतेक जकात गेली. कर्ज तोवर फिटले होते.

जमिनीच्या बाबतीतही हेच धोरण. सरकारी जमीन कसणाऱ्या कुळांना १८६५ च्या जाहीरनाम्याने मालकी मिळाली. जमीन विकता, गहाण ठेवता, मुलांना देता येऊ लागली. दोन वर्षांनी खासगी जमीनदारांच्या कुळांनाही, खंड वेळेवर भरल्यास काढून टाकता येणार नाही, असे संरक्षण मिळाले. आधी सरकारने स्वतःच्या कुळांना न्याय दिला आणि मग जमीनदारांकडे पाहिले. हा क्रम उलटा असता तर जमीनदारांनी त्यांना टिकू दिले असते का, याची आम्हांला शंका वाटते. मोकळ्या झालेल्या पैशातून रस्ते झाले, कालवे झाले, वर्कळ्याच्या डोंगरातून बोगदा खणायला घेतला गेला, तिरुवनंतपुरमला सचिवालयाची इमारत उभी राहिली, कॉलेज निघाले. १८६६ साली सरकारने त्यांना सर हा किताब दिला. इंग्लंडच्या संसदेत हिंदुस्थानच्या हिशेबाविषयी बोलणारे अर्थशास्त्रज्ञ हेन्री फॉसेट यांनी त्यांची तुलना फ्रान्सच्या तुर्गो या अर्थमंत्र्याशी केली. तुर्गोला दोन वर्षांत घरी पाठवण्यात आले होते, माधवराव मात्र चौदा वर्षे टिकले.

या संथ चालीची किंमतही होती आणि ती त्यांच्या नव्हे, दुसऱ्यांच्या खात्यावर पडली. १८५८ च्या अखेरीस दक्षिण त्रावणकोरात नाडर समाजाच्या स्त्रियांनी अंगावर वरचे वस्त्र घ्यावे की नाही यावरून दंगे झाले. तरुण दिवाणाने पहिल्या हुकमात जुन्या रूढीचीच बाजू राखली. मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांनी कानउघाडणी केल्यावर जुलै १८५९ मध्ये परवानगीचा जाहीरनामा निघाला, तोही उच्चवर्णीय स्त्रियांसारखे वस्त्र न घेण्याच्या अटीवर. मिरीच्या जकातीत पायरीपायरीने जाणे शहाणपणाचे असेल. माणसाच्या अब्रूच्या प्रश्नात तेच धोरण अन्यायाचे ठरते. माधवरावांचे चरित्र सांगताना हे पान गाळणे आम्हांला योग्य वाटत नाही.

ज्या राजपुत्राला शिकवले तेच आयिल्यम तिरुनाळ महाराज पुढे गादीवर होते. शिष्य आणि गुरू यांचे शेवटी पटेनासे झाले आणि १८७२ साली माधवरावांनी त्रावणकोर सोडले. १८७३ साली तुकोजीराव होळकरांनी त्यांना इंदूरला दिवाण म्हणून बोलावले. इंदूरची गोष्ट वेगळी होती. तिथली तिजोरी भरलेली, आणि तुकोजीराव स्वतःच हिशेबात पक्के. खंडवा-इंदूर रेल्वेसाठी त्यांनी ब्रिटिश सरकारलाच एक कोटी रुपये साडेचार टक्क्यांनी कर्जाऊ दिले होते. अशा राजाला दिवाणाची गरज मर्यादित असते. इंदुरात माधवराव दोन वर्षे राहिले. त्यांच्यानंतर त्यांचेच नातलग आर. रघुनाथराव दिवाण झाले. म्हणजे कावेरीकाठचे हे घराणे इंदूरकरांना परके राहिले नाही.

मग आले बडोदे.

खंडेराव महाराजांना जवाहिराचा शौक होता. दक्षिणेचा तारा म्हणून जगभर गाजलेला हिरा आणि मोत्यांनी मढवलेली चादर ही त्यांच्याच काळातली. मल्हारराव महाराजांनी सोन्याच्या तोफा ओतवल्या. या गोष्टी आपण मुलांना कौतुकाने सांगतो, पण त्यांचा पैसा कुठून येत होता? महालाचा वसूल इजाऱ्याने दिला जाई. जो जास्त बोली बोलेल आणि वर नजराणा देईल त्याला तीन-चार वर्षांसाठी महाल मिळायचा. इजारदाराला आपली रक्कम वर्षा-दोन वर्षांत वसूल करायची घाई, कारण उद्या दुसरा कोणी जास्त नजराणा घेऊन आला तर महाल जायचा. रयत पिळली जायची, जमिनी पडीक राहायच्या, आणि पुढच्या लिलावात बोली खाली येऊ नये म्हणून जबरदस्ती व्हायची. वसूल हातात यायच्या आधीच त्यावर सावकारांच्या वराता काढलेल्या असत. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि गुजरातेत पैसा खेळत होता. त्या भरात वाढवलेले आकारच भाव कोसळल्यावरही कायम राहिले. खर्च मात्र उत्पन्नाच्या पार पुढे गेला.

१८७४ साली दादाभाई नौरोजी दिवाण म्हणून आले. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी कोणालाच शंका नव्हती. पण एकीकडे मल्हाररावांचे दरबारी आणि दुसरीकडे रेसिडेंट कर्नल फेअर, यांच्या कात्रीत सापडून त्यांनी १८७५ च्या जानेवारीत राजीनामा दिला. पुढे फेअरवरच्या विषप्रयोगाचा खटला झाला. चौकशी मंडळातल्या तिन्ही हिंदी सभासदांना मल्हाररावांवरचा आरोप शाबीत झाला असे वाटले नाही, तरी गैरकारभाराच्या नावाखाली एप्रिलमध्ये त्यांना पदच्युत करून मद्रासला पाठवण्यात आले. खंडेरावांच्या विधवा पत्नी जमनाबाईसाहेब यांनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या गोपाळरावांना २७ मे १८७५ रोजी दत्तक घेतले. माधवराव त्याच महिन्यात दिवाण म्हणून रुजू झाले होते.

एका राजाला काढून सरकारने नेमलेला हा दिवाण. लोकांच्या मनात राग होता, दरबारात संशय होता, तिजोरीत पैसा नव्हता. पहिल्या दिवसापासून सगळे बदलून टाकण्याचा अधिकार मात्र त्यांच्याकडे होता. अल्पवयीन राजा, पाठीशी ब्रिटिश सरकार. इतका मोकळा हात त्रावणकोरातही त्यांना मिळाला नव्हता. तो त्यांनी बेताने वापरला.

पहिला घाव इजाऱ्यावर घातला, कारण सगळ्या रोगांचे मूळ तिथे होते. इजारदार गेले आणि पगारी वहिवाटदार आले. नवसारी, बडोदे, कडी, अमरेली असे चार प्रांत करून प्रत्येकावर सुभा नेमला. थकबाकी सोडली, जिथे आकार असह्य होता तिथे तो उतरवला. तिजोरी रिकामी असताना सूट देणे हे पुन्हा त्रावणकोरचेच गणित होते. पळालेला शेतकरी परत येऊन पडीक जमिनीला नांगर लावील, तेव्हाच वसूल वाढेल. वरिष्ठ कोर्ट आणि त्याखाली दिवाणी-फौजदारी कोर्टांची उतरंड बसवली. पोलीस, शाळा, दवाखाने, बांधकाम यांची वेगवेगळी खाती झाली. सावकार आणि जवाहिऱ्यांचे जुने दावे तपासून मिटवले. मदतीला निवडक माणसे आणली. वसुलीकडे काझी शहाबुद्दीन होते, जे पुढे स्वतः दिवाण झाले. नायब दिवाणांत थोरल्या माधवरावांवर नाटक लिहिणारे विनायक जनार्दन कीर्तने होते.

दुसरा प्रश्न आपल्या, म्हणजे इथल्या मराठी घरांच्या, अगदी जवळचा आहे. खर्चाची एक मोठी बाब म्हणजे सरदार, शिलेदार, पागा, सिबंदी आणि मानकरी. दमाजी गायकवाडांच्या वेळेपासून मराठी कुटुंबे तलवार घेऊन गुजरातेत आली. लढाया संपल्या, नेमणुका चालू राहिल्या. कागदावर घोडे, प्रत्यक्षात तबेला रिकामा, अशीही उदाहरणे होती. कोणाही हिशेबनिसाने ही रक्कम पहिल्या झटक्यात कापली असती. माधवरावांनी तिथे कुऱ्हाड चालवली नाही. गुजरातेत आलेल्या या माणसांना जमीन नाही, व्यापार नाही, नेमणूक हेच पोट. ते एका हुकमाने तोडले तर हजारो घरे रस्त्यावर येतील आणि राज्यात असंतोष कायमचा रुजेल, हे त्यांनी ओळखले. म्हणून नेमणुकांच्या नोंदी तपासून नीट केल्या आणि काटछाट सावकाश होऊ दिली. त्याच वेळी शाळा वाढत होत्या आणि १८८१ साली बडोदा कॉलेज सुरू झाले. आपल्यापैकी कित्येकांच्या घराण्यात पणजोबा पागेत, आजोबा कचेरीत आणि वडील शाळेत किंवा बँकेत, अशी चढती किंवा उतरती, जशी समजावी तशी, साखळी सापडते. तलवारीकडून लेखणीकडे जायला आपल्या घरांना पिढीभराचा वेळ मिळाला. तो वेळ कोणीतरी विचारपूर्वक दिलेला होता, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही.

या धोरणावर टीका झाली, आणि तीही बिनबुडाची नव्हती. मद्रासकडची माणसे फार आणली, असे काहींना वाटले. मीठ आणि अफूच्या प्रश्नांत ब्रिटिश सरकारच्या दडपणापुढे संस्थानाला नमावे लागले आणि त्या तडजोडींचे ओझे पुढे सयाजीरावांना वाहावे लागले. जमिनीची शास्त्रशुद्ध पाहणी आणि आकारणीही माधवरावांच्या काळात झाली नाही, ती नंतर सुरू झाली. रयतेला सूट मिळाली, पण कारभारात तिचा आवाज आला नाही. धारासभा निघायला १९०८ साल उजाडावे लागले. माधवरावांनी पाया घातला असे म्हणताना, त्यावर भिंती उभ्या करायचे काम बरेच बाकी होते हेही म्हटले पाहिजे.

१८७७ च्या दिल्ली दरबारात त्यांना राजा हा किताब मिळाला. पण त्यांच्या बडोद्यातल्या कामातले सर्वांत टिकाऊ काम कदाचित १८८१ सालचे असेल. अधिकार हाती येण्यापूर्वी तरुण महाराजांना त्यांनी राज्यकारभारावर व्याख्याने दिली आणि ती पुढे छापली गेली. राजाची हौस आणि राज्याचा पैसा यांत भेद कसा करावा, राजवाड्याच्या खर्चाला मर्यादा का हवी, अधिकाऱ्याच्या कामात विनाकारण हात का घालू नये, खुशामत कशी ओळखावी, असे साधे विषय. सोन्याच्या तोफांच्या राज्यात अठरा वर्षांच्या राजाला हे सांगणे साधे नव्हते. माधवरावांनी खाती बसवली होती, पण राजाच्या एका लहरीने ती मोडू शकतात हे ते त्रावणकोरात शिकले होते. म्हणून शेवटी त्यांनी राजाच्या मनावर मेहनत घेतली.

२८ डिसेंबर १८८१ रोजी महाराजांनी कारभार हाती घेतला तेव्हा खजिन्यात शिल्लक होती. तेजस्वी तरुण राजा आणि मुरलेला दिवाण यांचे फार काळ जमणे अवघडच. १८८२ साली माधवराव निवृत्त होऊन मद्रासला मैलापूरच्या घरी गेले. त्याच वर्षी मद्रासेतच नजरकैदेत मल्हाररावांचा अंत झाला.

निवृत्तीतही ते स्वस्थ बसले नाहीत. मलबारच्या कुळकायद्याच्या चौकशी मंडळाचे ते अध्यक्ष होते. वर्तमानपत्रांत टोपणनावाने लिहीत असत. १८८७ साली मद्रासला राष्ट्रसभेचे तिसरे अधिवेशन भरले तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्ष तेच होते. पुढे राष्ट्रसभेची चाल त्यांना फार वेगाची वाटू लागली आणि ते दूर झाले. जन्मभर पायरीपायरीने गेलेल्या माणसाचे हे शेवटचे मतभेदही त्याच जातीचे होते. ४ एप्रिल १८९१ रोजी मैलापूरला त्यांचे निधन झाले.

त्यानंतर आठ वर्षांनी गुजरातेत छप्पनचा दुष्काळ पडला. माणसे आणि गुरे यांची अतोनात हानी झाली, बडोदे संस्थानही होरपळले. पण या वेळी संकट आले तेव्हा महालात इजारदार नव्हता. वहिवाटदार होता, खाती होती, कामे काढायला बांधकाम खाते होते आणि आपल्या रयतेची स्थिती स्वतः पाहायला निघणारा राजा होता. त्या दुष्काळाच्या जखमा भरत असतानाच १९०६ साली साऱ्या संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण आले आणि १९०८ साली बँक ऑफ बडोदा निघाली. जिथे राज्याचा वसूल कधी सावकाराच्या वरातींवर चालत होता तिथे एका पिढीत लोकांच्या ठेवींची बँक उभी राहिली. तिचे श्रेय सयाजीरावांचेच. पण ज्या राज्यात हिशेबावर विश्वास बसला आहे अशाच राज्यात माणूस आपली पुंजी बँकेत ठेवतो, आणि तो विश्वास बसायला १८७५ च्या मे महिन्यापासून सुरुवात झाली होती.

संकट आले की सगळे एकदम बदलून टाकावे असे वाटते. संकट सरले की काहीच बदलू नये असे वाटते. माधवरावांची तिन्ही दिवाणगिरी या दोन इच्छांच्या मधली होती. कुठे थांबायचे हे त्यांना नेहमीच बरोबर कळले असे नाही, नाडर स्त्रियांच्या बाबतीत तर नाहीच. पण जिथे माणसाचे पोट आणि राज्याची तिजोरी एकमेकांत गुंतलेली होती, तिथे त्यांनी गाठ कापली नाही, सोडवली. बडोद्यातली आपली जुनी मराठी घरे त्या सुटलेल्या गाठीमुळेच इथे टिकली, असे आम्हांला वाटते. यंदा श्रींसमोर आरतीला उभे राहताना सयाजीरावांबरोबर या तंजावरी दिवाणाचीही आठवण राहो, एवढीच प्रार्थना.